मौजे एक्सर

घराचे कर्ज फिटले तेव्हा बँकेने मूळ कागदपत्रांची फाइल परत दिली. वीस वर्षांपूर्वी सह्या करताना जो करारनामा न वाचताच उलटत गेलो होतो, तो त्या संध्याकाळी पहिल्यांदा सावकाश वाचला. इमारतीचे नाव, विंग, मजला, सीटीएस क्रमांक आणि त्यापुढे: मौजे एक्सर, तालुका बोरिवली, जिल्हा मुंबई उपनगर. कुणी पत्ता विचारला की मी 'बोरिवली वेस्ट, लिंक रोडच्या बाजूला' एवढेच सांगत आलो. सरकारी कागदावर मात्र मी सतराव्या मजल्यावर राहणारा एक खेडूत होतो. मौजे म्हणजे महसुली गाव. गाव म्हटले की त्याला शीव असते, देव असतो, तळे असते आणि केव्हातरी ते वसलेले असते. यातले काही म्हणजे काहीच मला माहीत नव्हते.

एक्सर हे नाव कानावर रोज पडत होते. दहिसर पूर्व ते डहाणूकरवाडी ही मेट्रो २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झाली. लिंक रोडच्या डोक्यावरून जाणाऱ्या या गाडीत 'पुढील स्थानक, एक्सर' अशी घोषणा होते. त्याच्या आधीचे स्थानक मंडपेश्वर. नावे जुनी आणि डबे वातानुकूलित, एवढाच विचार तेव्हा मनात येऊन गेला होता. करारनामा वाचल्यावर ठरवले, की आपल्याच गावाला एकदा पाहुण्यासारखे जाऊन यायचे. डिसेंबरातला रविवार निवडला. घरापासून एक्सर चालत दहा मिनिटांवर, पण प्रवास म्हटल्यावर तिकीट काढायला हवे, म्हणून मेट्रोने एक स्थानक पुढे गेलो आणि मंडपेश्वरला उतरून उलटा चालत आलो. वाचकांनाही मी हाच मार्ग सुचवीन. या वाटेने गेले की काळाचे थर आपोआप एकामागून एक समोर येतात.

जाण्याआधी थोडे वाचन केले, आणि त्यात अचानक एक इटालियन भेटला. जोव्हान्नी फ्रांचेस्को जेमेल्ली करेरी हा नेपल्समध्ये वकिली केलेला गृहस्थ १६९३ साली जगप्रदक्षिणेला निघाला. पदरी स्वतःचे जहाज नाही की कुठल्या राजाची वकिलात नाही. मिळेल त्या व्यापारी गलबतातून, मिळेल त्या वाहनाने पृथ्वीला फेरी घालून तो १६९८ मध्ये घरी परतला आणि नेपल्सला सहा खंडांचे प्रवासवर्णन छापू लागला. १६९५ साली तो दमण-वसईमार्गे साष्टी बेटात, म्हणजे आजची बोरिवली ज्यावर आहे त्या बेटात, उतरला, कान्हेरीची लेणी पाहिली, पुढे गोव्याला गेला आणि त्याच वर्षी कृष्णाकाठी गलगल्याच्या छावणीत त्याने औरंगजेबाची भेट घेतली. आज जिथे बोरिवलीचे नॅशनल पार्क आहे, तिथल्या लेण्यांचे बारकाईने वर्णन करणाऱ्या जुन्या युरोपीय प्रवाशांत त्याचे नाव घेतले जाते.

हा माणूस मूळचा कुठला, तर इटलीच्या टोकाला असलेल्या कालाब्रिया प्रांतातल्या रादिचेना नावाच्या एका लहान गावचा. इटलीत गावाला मोठा मान. तिथली नगरपालिका, ज्याला ते 'कोमूने' म्हणतात, मध्ययुगापासून चालत आलेली आहे, आणि आजही देशभरात अशा सुमारे ७,९०० नगरपालिका आहेत. लोम्बार्डीत मोर्तेरोने नावाचे गाव आहे. तिथे जेमतेम तीसेक माणसे राहतात, पण नगरपालिका स्वतःची आणि महापौरही स्वतःचा. इतका गावाचा अभिमान असलेल्या देशात रादिचेनाचे काय झाले? १९२८ साली ते शेजारच्या यात्रिनोली गावाशी जोडले गेले आणि दोघांची मिळून 'ताउरियानोव्हा' नावाची नवी नगरपालिका झाली. रादिचेना हे नाव नकाशातल्या मोठ्या अक्षरांतून गेले. त्यानंतर एकोणतीस वर्षांनी, १९५७ साली, आमचे एक्सर बृहन्मुंबईच्या पोटात गेले. करेरीचे गाव आणि माझे गाव यांची जात एकच निघाली.

मंडपेश्वर स्थानकातून पूर्वेकडे वळून माणसांना विचारत विचारत गेलो, की इमारतींच्या मधोमध एकदम मोकळे मैदान लागते. मैदानात क्रिकेटचे एकाच वेळी तीन सामने, आणि मैदानाच्या कडेला काळ्या कातळाची लांबट कपार. हीच मंडपेश्वरची लेणी. शिवाची ही लेणी साधारण सहाव्या शतकाच्या आसपासची मानतात. घारापुरी आणि जोगेश्वरी यांच्याच कुळातली. पाहताना आधी खांब नजरेत भरतात. वर उशीसारखा फुगीर गोल आणि त्यावर उभ्या रेघांची पन्हाळी. घारापुरीला जाऊन आलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचे वाटतात. डाव्या हाताच्या दालनात नटराज आहे. हातपाय झिजले, चेहरा पुसट झाला, तरी कमरेची लचक अजून दगडात तशीच आहे. भोवती देवदेवतांची दाटी. गाभाऱ्यात लिंग आहे आणि त्याची पूजा चालू आहे. मी गेलो तेव्हा एक बाई बेलाची पाने वाहून डोळे मिटून बसल्या होत्या आणि बाहेर कुणीतरी 'हाऊज दॅट' म्हणून ओरडत होते.

बाहेर येऊन कातळाच्या डाव्या अंगाला गेलो, तर भिंतीत पुरुषभर उंचीचा क्रूस कोरलेला दिसला. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने मोगलांच्या धास्तीने वसई आणि तिच्याबरोबर साष्टी पोर्तुगीजांना तहात देऊन टाकली. दहाएक वर्षांतच आंतोनियो दो पोर्तो हा फ्रान्सिस्कन पाद्री इथे आला. लेण्याचे चर्च झाले आणि वर टेकाडावर मठ आणि विद्यालय उभे राहिले. त्याच्या बिनछपराच्या उंच भिंती आजही लेण्याच्या माथ्यावर आहेत. खाली शिवाचा मंडप आणि वर मठाचे अवशेष, असे हे दुमजली स्थान. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, फ्रान्सिस्कन गेले आणि खालच्या मजल्यावर पुन्हा शिव आला. करेरी साष्टीत आला तेव्हा वरचा मजला नांदता होता. आता तिथे कबुतरे राहतात.

पोर्तुगीजांनी लेणे फोडले, असे आपण सरसकट म्हणतो. क्रूस जिथे कोरला आहे तिथे आधी शिल्प असावे असे दिसते, आणि ती हानी खरी. पण आतल्या काही शिल्पांवर तेव्हा भिंती चढल्या, गिलावा बसला, आणि त्या झाकणीमुळेच ती वाऱ्यापावसातून आणि माणसांच्या हातून वाचली असेही अभ्यासक सांगतात. झाकले म्हणून वाचले, हा अनुभव पुढे एक्सरमध्येही यायचा होता.

लेण्यांवरून निघालो की आयसी कॉलनी लागते. आयसी म्हणजे इमॅक्युलेट कन्सेप्शन, त्या चर्चच्या नावावरून पडलेले नाव. चर्चची परंपरा १५४४ पर्यंत मागे नेली जाते. शेजारच्या माउंट पॉइन्सरवर शाळा आणि कॉलेज आहे ते सेंट फ्रान्सिसच्या नावाचे. हा फ्रान्सिस असिसीचा. असिसी हेही इटलीतले एक डोंगरमाथ्यावरचे लहान गाव. तिथल्या एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला संन्यास घेऊन पंथ काढला आणि तीनशे वर्षांनी त्या पंथाचे साधू आमच्या बोरिवलीच्या टेकडीवर येऊन राहिले. करेरीच्याही आधी इटलीचे एक गाव असे इथे पोचले होते.

डिसेंबर असल्यामुळे घराघरावर कागदी चांदण्या टांगलेल्या होत्या. बेकऱ्यांपुढे रांगा होत्या. कॉलनीत आता गोवेकर आहेत, मंगळुरी आहेत, केरळी आहेत, पण साष्टीची मूळची ख्रिस्ती माणसे म्हणजे ईस्ट इंडियन. हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी घेतले. इंग्रज सरकारच्या नोकऱ्यांत बाहेरून येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपण वेगळे, इथलेच, हे दाखवण्यासाठी. नाव इंग्रजी, घरात मराठी. म्हातारीकोतारी माणसे आजही लुगडे, उंबराचं पाणी, बाटली मसाला हे शब्द बोलतात. उंबराचं पाणी म्हणजे लग्नाच्या आधी वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणायचे. धर्म बदलला तरी विहीर तीच राहिली.

आयसी कॉलनीतून दक्षिणेकडे चालत राहिलो की रस्ते हळूहळू अरुंद होतात. टॉवर मागे सरतात आणि गल्लीचे सरळ जाणे संपते. गावठाण सुरू झाल्याची ही खूण. आखलेली वस्ती सरळ रेषेत जाते. गावठाणातली गल्ली मात्र कुणाच्या तरी ओट्याला, विहिरीला, आंब्याच्या झाडाला वळसा घालत जाते. झाड कधीच गेलेले असते, वळसा राहतो. कौलारू घर, त्याला चिकटून तीन मजली पक्के बांधकाम, पुन्हा एक कौलारू घर. एका दारात तुळस, पुढच्या दारात क्रूस. भिंतीवर पाटी दिसली, तिच्यावर 'तळेपाखाडी' लिहिलेले. पाखाडी म्हणजे साष्टीतल्या गावातली घरांची ओळ, वाडी. आणि तळे?

तळ्याचा पत्ता १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. जेम्स कॅम्पबेलने सिद्ध केलेल्या या ग्रंथात एक्सरची नोंद येते: बोरिवली स्टेशनपासून वायव्येला सुमारे मैलभर, एका उत्तम तळ्याच्या पश्चिम काठावर आंबराई, आणि त्या आंबराईत सहा कोरीव स्मारकशिळा उभ्या. बोरिवलीची तेव्हाची ओळख म्हणजे रेल्वे येऊन पंधराएक वर्षे झालेले एक लहानसे स्टेशन. गॅझेटियरच्या लेखकाला आमच्या सगळ्या परिसरात थांबून, वाकून, पट्टा पट्टा पाहून लिहावेसे वाटले ते या शिळांसाठी. तळे गेले आणि पाटीवर नाव ठेवून गेले. आंबराई गेली. शिळा आहेत.

घरांच्या दाटीत, वळणाच्या आड त्या उभ्या आहेत. कुणी सोबत नसेल तर दोनदा पुढे निघून जाल. मीही गेलो. बाजूने रोज जाणाऱ्याला तो एक देवाचा ओटा वाटतो, कारण पायथ्याला शेंदूर, झेंडूची फुले, उदबत्तीची राख. जवळ गेलो, डोके वर केले, तेव्हा त्या दगडाची उंची लक्षात आली. मोठी शिळा दहा फुटांच्या घरातली आणि तीनेक फूट रुंद. खालपासून वरपर्यंत आडवे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात बोटभर, वीतभर माणसांची गर्दी.

या शिळा म्हणजे वीरगळी, लढाईत पडलेल्या वीरांची स्मारके. वीरगळ वाचायची एक रीत आहे. ती नेहमी खालून वर वाचायची, विहिरीतून वर यावे तशी. सगळ्यात खाली वीर कसा मेला ते. त्याच्या वर अप्सरा त्याला हाताला धरून, माळा घेऊन वर नेताना. त्याच्या वर तो शिवलिंगापुढे बसलेला, म्हणजे कैलासाला पोचलेला. माथ्यावर कळस. महाराष्ट्रात गावोगावी देवळाबाहेर अशा वीरगळी पडलेल्या असतात, आणि बहुतेकींवर खालच्या चौकटीत गाई असतात, कारण बहुतेक वीर गोधन वाचवताना पडलेले. एक्सरलाही काही शिळांवर घोडेस्वार आहेत, हत्ती आहेत, जमिनीवरची झुंज आहे. पण इथल्या ज्या शिळांनी अभ्यासकांना पुन्हा पुन्हा या गल्लीत आणले, त्यांच्या तळाशी गाई नाहीत. तिथे जहाजे आहेत.

मी खाली उकिडवा बसलो. जहाजाचे अंग दोन्ही टोकांना उचललेले, जणू केळ्याचा काप. मधोमध डोलकाठी. पोटाखालून बाहेर आलेली वल्ह्यांची तिरपी ओळ, सुरवंटाच्या पायांसारखी एकाच कोनात. वल्ह्यांच्या वर डोक्यांची रांग. दगड झिजल्यामुळे नाकडोळे गेले आहेत, गोल गोल मणी उरले आहेत. तरी सगळी डोकी एका दिशेला झुकलेली कळतात, म्हणजे जहाज वेगात आहे. एक जहाज नाही, एकामागे एक अशी जहाजांची रांग आहे. त्याच्या वरच्या पट्ट्यात दोन बाजूंची जहाजे समोरासमोर भिडलेली. माणसे काठावरून पाण्यात पडताना. शिल्पकाराने पाणी दाखवलेलेच नाही. पडणाऱ्या माणसाचे हात वर गेलेले दाखवले, तेवढ्याने पाणी आले. डोलकाठी असूनही झुंजीत वल्ही चालू आहेत, कारण लढाई वाऱ्याच्या भरवशावर करता येत नाही, आणि खाडीच्या तोंडाशी तर वारा आणि भरती दोन्ही लहरी. हे ज्याने कोरले त्याने जहाजे जवळून पाहिलेली असणार. मध्ययुगातल्या भारतीय लढाऊ जहाजांची अशी चित्रे फार थोडी उरली आहेत. गोव्याला कदंबांच्या काळातल्या वीरगळींवर जहाजे सापडतात आणि ती तिथल्या राज्य संग्रहालयात जपून ठेवली आहेत. आमची गल्लीत आहेत.

कुणाची ही लढाई? त्यासाठी थोडे मागे जावे लागते. नवव्या शतकापासून उत्तर कोकणावर शिलाहारांचे राज्य होते. ठाणे, म्हणजे त्यांचे श्रीस्थानक, हे त्यांचे मोठे ठाणे. अंबरनाथचे देऊळ १०६० सालचे, त्यांच्या काळातले. अलिबागजवळच्या आक्षीचा शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा शिलालेख त्यांच्याच राजवटीतला, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत ज्याची गणना होते तो. या घराण्याचा शेवटचा राजा सोमेश्वर. तेराव्या शतकाच्या मध्यावर घाटावर देवगिरीच्या यादवांची सत्ता चढती होती. महादेव यादवाने हत्तींचे सैन्य घेऊन कोकणात उतरून सोमेश्वराला जमिनीवर हरवले. सोमेश्वर जहाजांत बसून समुद्रात गेला. यादवांनी तिथेही पाठलाग केला आणि सोमेश्वर समुद्रात बुडून मेला. हे सांगणारा माणूस आपल्या चांगल्या ओळखीचा. हेमाद्री, म्हणजे ज्याच्या नावाने आपण जुन्या दगडी देवळांना हेमाडपंती म्हणतो तो यादवांचा प्रधान. आपल्या ग्रंथातल्या राजप्रशस्तीत तो अभिमानाने लिहितो, त्याचा मथितार्थ असा, की महादेवाच्या क्रोधाच्या आगीपेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल परवडला. राजाचा कवी असा शत्रूच्या बुडण्याचीही कोटी करतो.

साल १२६५ च्या आसपासचे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या लेखांचा अभ्यास करताना एक्सरच्या शिळा याच आरमारी झुंजीच्या असाव्यात असे मत मांडले, आणि तेच आज जास्त रूढ आहे. कोरीव कामाच्या शैलीवरून या शिळा अकराव्या-बाराव्या शतकात नेणारेही आहेत. आज एकाही शिळेवर नाव वाचता येत नाही, त्यामुळे हा वाद दगडाला विचारून मिटणारा नाही. मला स्वतःला १२६५ पटते, पण त्याचे कारण विद्वत्तेचे नाही. आमच्या इमारतीच्या गच्चीवरून पश्चिमेला पाहिले की ते कारण दिसते.

गच्चीवरून लिंक रोडच्या पलीकडे खारफुटीचा हिरवा पट्टा दिसतो. त्याच्या पलीकडे गोराईची खाडी, तिच्यापलीकडे पॅगोड्याचा सोनेरी कळस आणि मग समुद्र. आज बोरिवली म्हटले की लोकल आठवते, पाणी आठवत नाही. पण साष्टी हे बेट. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची आणि पश्चिमेला अरबी समुद्र. नॅशनल पार्कच्या डोंगरातून निघणारी दहिसर नदी मंडपेश्वराजवळून वाहत मनोरीच्या खाडीला मिळते. भरतीचे पाणी तेव्हा आजच्यापेक्षा बरेच आत येत असणार. भराव आपण नंतर घातले. वर सोपारा आणि वसई, आत ठाणे, यांच्या मधल्या जलमार्गावर हे गाव. ठाण्याहून पळणारा राजा खाडीतूनच बाहेर पडणार. हरलेल्या आरमाराने मेलेली माणसे किनाऱ्यावर कुठे आणली असतील, हा प्रश्न नकाशाला विचारला तर नकाशा फार नावे सांगत नाही.

मग या गावाचे मूळ काय? गावाच्या पहिल्या घराचा दाखला नाही, वसवणाऱ्याचे नाव नाही. हाती असलेला सगळ्यात जुना पुरावा म्हणजे या शिळा, आणि त्या एका पराभवाच्या असाव्यात. शेजारच्या मागाठाण्याचे भाग्य थोडे वेगळे. कान्हेरीच्या शिलालेखात मंगलस्थान नावाच्या गावातले शेत भिक्खूंना दान दिल्याची नोंद आहे, आणि ते मागाठाणेच असे मानतात. म्हणजे एका गावाची पहिली नोंद दानाची आणि दुसऱ्याची युद्धाची. इटलीतल्या गावांच्या इतिहासातही हेच आढळते: कुठल्या तरी मठाला कुणीतरी जमीन दिली, किंवा कुठल्या तरी सरदाराने गढी बांधली, आणि त्या कागदात गावाचे नाव पहिल्यांदा आले. गाव त्याच्या कितीतरी आधीपासून असते. त्याची दखल घेण्यासारखे काही घडले की मग ते लिहिले जाते.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. यादव पन्नासेक वर्षांत संपले. मग गुजरातच्या सुलतानांची सत्ता. सोमवंशी क्षत्रिय पाठारे मंडळी आपले पूर्वज बिंब राजाबरोबर आल्याचे सांगतात, त्या परंपरेची महिकावतीची बखर वि. का. राजवाड्यांनी १९२४ साली छापली. १५३४ नंतर दोनशे वर्षे पोर्तुगीज. १७३७ पासून मराठे. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला रोजची गाडी सुरू झाली. १९२८ च्या जानेवारीत विजेची लोकल बोरिवलीपर्यंत धावली. त्याच वर्षी तिकडे रादिचेनाचे नाव बदलत होते. १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा टापू बृहन्मुंबईत आला. १९९० च्या १ ऑक्टोबरला मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. यातल्या प्रत्येक राज्यकर्त्याने गावाला आपल्या वहीत नव्याने लिहिले. कुणी परगण्यात, कुणी तालुक्यात, कुणी वॉर्डात. 'मौजे एक्सर' हे दोन शब्द मात्र एका वहीतून दुसरीत उतरत माझ्या करारनाम्यापर्यंत आले.

मी बराच वेळ उकिडवा बसून मोबाइलच्या उजेडात जहाजे पाहत होतो, तेव्हा समोरच्या घरातून एक मावशी बाहेर आल्या. सत्तरी ओलांडलेली, हातात केरसुणी. माणसे कॅमेरे घेऊन येतात याची त्यांना सवय असावी. त्यांनी विचारले, "फोटो काढायचे का? जरा थांबा, फुलं काढते." मी म्हटले, फुले राहू द्या. मग विचारले, की मावशी, हे कोण? त्या म्हणाल्या, "आमचे देव. सासूबाई सांगायच्या, लढाईत पडलेली माणसं आहेत. गाव राखतात." कुठली लढाई, या प्रश्नावर त्या हसल्या. "ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगायचं. आम्ही दिवा लावतो."

त्या वाक्यावर मी बरेच अडलो. माझ्या डोक्यात मिराशी होते, हेमाद्री होता, सालांची ओळ होती. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते, पण साडेसात शतके, कदाचित त्याहून जास्त, हे दगड जागेवर राहिले ते माझ्यासारख्यांच्या वाचनामुळे नव्हे. तळे बुजले, आंबराई तुटली, जमिनीला सोन्याचा भाव आला, तरी कुणी हे दगड उचलून पायरीला लावले नाहीत, कारण ते देव झाले होते. मंडपेश्वराला गिलाव्याने झाकले तसे इथे शेंदराने झाकले. त्या थराने जहाजांच्या रेषा थोड्या पुसट केल्या हे खरे. पण घडीव दगड म्हणून कुणाच्या जोत्यात गेले असते, तर पुसट व्हायलाही काही उरले नसते. वीर कोण होते ते गाव विसरले. ते पडले होते एवढे मात्र पक्के लक्षात ठेवले.

जाणाऱ्यांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. सकाळी जा. कोवळ्या तिरप्या उन्हात झिजलेले कोरीव काम उठून दिसते, भर दुपारी सगळे सपाट होते. नाहीतर माझ्यासारखा उजेड एका बाजूने धरा. खडूने रेषा भरू नका, शेंदूर खरवडायला जाऊ नका. चपला बाजूला काढा, कारण आपल्याला ते संग्रहालय वाटले तरी तिथे राहणाऱ्यांचे ते देवघर आहे. आणि मोठ्याने बोलू नका. दोन हातांवर कुणाची तरी खिडकी आहे आणि रविवारची झोप आहे.

निघताना मावशींनी विचारले, "कुठून आलात?" बोरिवली वेस्ट, लिंक रोडजवळ, हे जिभेवर आले होते. मी मागे वळून बोट दाखवले. घरांच्या कौलांवरून आमच्या टॉवरचे वरचे चार मजले दिसत होते. म्हटले, "त्या तिथला. वीस वर्षं झाली."

त्यांनी केरसुणी भिंतीला टेकवली आणि डोळ्यांवर हात धरून टॉवरकडे पाहिले. "म्हणजे एक्सरचेच की तुम्ही," त्या म्हणाल्या. "आणि वीस वर्षांत आज आलात? पुढच्या वेळी नारळ घेऊन या."